गृहपाठ रद्द करण्याआधी

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या आम्हा लोकांत सध्या एक मत बळावतं आहे. गृहपाठाला गुण देणं बंद करा, असं ते मत. मुलं गणितं सोडवत नाहीत, उतरवून काढतात. ग्रिफिथ्सच्या पुस्तकातल्या गणितांची उत्तरं पीडीएफमध्ये फिरत असतात, आणि आता तर गणिताचा फोटो काढून एआयला दिला की ओळ न् ओळ सोडवलेलं उत्तर मोबाइलवर येतं. मग वह्या तपासण्यात संध्याकाळी का घालवायच्या? त्यापेक्षा अंतर्गत गुणांसाठी एक लेखी चाचणी वाढवा. परीक्षा सगळ्यांना सारखी असते, तिथे पर्यवेक्षक समोर उभा असतो, आणि ज्याला जे येतं ते कागदावर उतरतं.

हे मत मांडणारे माझे सहकारी कामचुकार नाहीत. त्यातले कित्येक जण माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात आणि मुलांसाठी पदरमोड करतात. त्यांची तक्रारही खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे. तो अमलात आला, तर या विषयाच्या नावाखाली आपण पाठांतर घेऊ आणि त्याला परीक्षा म्हणू.

ज्या परीक्षेच्या हाती सगळं सोपवायचं म्हणतात, ती काय मोजते ते आधी बघू. आपल्याकडच्या प्रश्नपत्रिका कोणीही काढून पाहाव्यात. गाउसचा नियम सांगा व सिद्ध करा. पॉयंटिंगचं प्रमेय लिहून सिद्धता द्या. विस्थापन प्रवाहावर टीप लिहा. एखादं न्यूमेरिकल असतं, पण त्यात सूत्रात आकडे घालण्यापलीकडे काही नसतं, आणि 'कोणतेही दोन सोडवा' या सवलतीमुळे ते वगळूनही भागतं. मागच्या काही वर्षांच्या पेपरांवरून आयएमपी प्रश्नांची यादी तयार होते, ती वर्गात फिरते, आणि मुलं परीक्षेच्या आठवड्यात दहा-बारा डेरिव्हेशन्स घोकतात. तपासणारा पायऱ्या मोजून गुण देतो. गृहपाठात मुलगा मित्राच्या वहीतून उतरवतो आणि परीक्षेत स्वतःच्या स्मरणातून. पहिल्या उतरवण्याला आपण लबाडी म्हणतो आणि दुसऱ्याला प्रथम वर्ग देतो. दोन्हीकडे विचार कुठे झाला, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो.

पॉयंटिंगच्या प्रमेयाची सिद्धता अचूक लिहिणाऱ्या मुलाला विचारा, की दोन गोल चकत्यांचा कपॅसिटर चार्ज होत असताना त्याच्यात ऊर्जा कुठून शिरते. तो म्हणेल, तारेतून. आता हिशेब करायला सांगा. विद्युत क्षेत्र एका चकतीकडून दुसरीकडे सरळ जातं. ते वाढत असल्यामुळे त्याच्याभोवती गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोघांचा सदिश गुणाकार घेतला की पॉयंटिंगचा सदिश चकत्यांच्या कडेकडून आत, मध्याकडे रोखलेला निघतो. त्या कडेच्या पूर्ण पट्टीवर बेरीज केली की उत्तर येतं व्होल्टेज गुणिले करंट, म्हणजे कपॅसिटरला जेवढी शक्ती मिळायला हवी बरोबर तेवढी. ऊर्जा चकत्यांमधल्या फटीत बाजूने शिरते आहे! ज्या मुलीने हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं, तिला ते प्रमेय पुन्हा पाठ करावं लागत नाही. तिला ते दिसतं. आपली लेखी परीक्षा मात्र ही मुलगी आणि केवळ घोकणारा मुलगा यांच्यात फरक करत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी १९९०च्या दशकात एकाच परीक्षेत सर्किटवरचे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहिले. एकात किरचॉफचे नियम लावून करंट काढायचा होता. दुसऱ्यात आकडेमोड अजिबात नव्हती: एकसारखे दिवे जोडले आहेत, स्विच दाबून एकाला शॉर्ट केलं, तर बाकीच्यांचा उजेड वाढेल की कमी होईल, एवढंच सांगायचं होतं. मुलांना पहिला प्रश्न जास्त चांगला जमला. समीकरणं सोडवता येणाऱ्या कितीतरी जणांना त्या तारांतून काय चाललं आहे ते सांगता आलं नाही. हार्वर्डच्या परीक्षेतून निसटलेली गोष्ट आपल्या 'सांगा व सिद्ध करा'च्या जाळ्यात सापडेल, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

आता गृहपाठाकडे येतो. या विषयाला गृहपाठ का लागतो, हे एका गणितावरून सांगणं मला जास्त सोपं वाटतं. जमिनीला जोडलेला, लांबरुंद सपाट धातूचा पत्रा आहे. त्याच्यासमोर डी अंतरावर क्यू एवढा भार ठेवला आहे. हे प्रतिमा पद्धतीचं पहिलं गणित, सगळ्या पुस्तकांत असतं. पत्रा विसरायचा आणि त्याच्यामागे तेवढ्याच अंतरावर वजा क्यू हा काल्पनिक भार ठेवायचा. पत्र्यासमोरच्या जागेत पोटेन्शियल अगदी बरोबर येतं. बलही बरोबर येतं: दोन भार दोन डी अंतरावर, म्हणून कूलोंबचा स्थिरांक बाजूला ठेवला तर क्यूचा वर्ग भागिले चार डीचा वर्ग. इथवर वर्गात सगळे माना डोलावतात.

मग गृहपाठात विचारायचं, की या रचनेची ऊर्जा किती? जवळजवळ प्रत्येक जण दोन भारांचं सूत्र लावतो आणि लिहितो: वजा क्यूचा वर्ग भागिले दोन डी. वही मिटतो. म्हणून गणिताचा दुसरा भाग असा घालायचा: तो भार अनंतावरून डी अंतरापर्यंत आणताना किती काम होतं, ते बलाचं इंटिग्रेशन करून काढा. उत्तर येतं वजा क्यूचा वर्ग भागिले चार डी. आधीच्या निम्मं.

इथे घोडं अडतं, आणि ते अडायलाच हवं. मुलाला प्रथम वाटतं, इंटिग्रेशन चुकलं. तो ते पुन्हा करतो. मग चिन्हं तपासतो. मग मैत्रिणीला फोन करतो, तर तिचंही उत्तर निम्मंच आलेलं असतं. दोन्ही पद्धती बरोबर दिसतात आणि उत्तरं जुळत नाहीत, या अवस्थेत तो एक दिवस काढतो, कधी दोन. केव्हातरी त्याच्या लक्षात येतं, की खरं क्षेत्र पत्र्याच्या एकाच बाजूला आहे. मागे काहीच नाही. दोन खऱ्या भारांची ऊर्जा दोन्ही बाजूंच्या अवकाशात साठलेली असते, इथे निम्मं अवकाश रिकामं आहे. किंवा तो दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचतो: खरा भार पुढे सरकला की काल्पनिक भारही आपोआप सरकतो, त्याला सरकवायला कोणी काम करत नाही. ज्या क्षणी हे कळतं त्या क्षणी त्याला प्रतिमा पद्धत म्हणजे काय, ती कुठे चालते, ऊर्जा कुठे 'असते', हे सगळं एकदम कळतं.

तीन तासांच्या पेपरात हे होऊ शकत नाही. हा प्रश्न परीक्षेत घातला तर ज्यांना आठवतं ते 'निम्मं घ्यायचं असतं' एवढं लिहून पुढे जातील आणि ज्यांना आठवत नाही ते दुप्पट लिहून पुढे जातील. अडून बसायला परीक्षेत वेळ नसतो. चूक करून ती स्वतः पकडायला जो निवांत, विनादंड वेळ लागतो, तो फक्त गृहपाठ देतो. इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये अशा जागा पावलोपावली आहेत. गाउसचा नियम घनाकृती भारालाही खराच असतो, पण त्यावरून क्षेत्र काढता येत नाही, कारण तिथे ती सममिती नसते. ॲम्पियरच्या नियमाचंही तसंच. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या कोरीन मॅनोग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ॲम्पियरचा नियम मुलांना एवढा अवघड का जातो, या एकाच प्रश्नावर अख्खा शोधनिबंध लिहिला. सूत्र एका ओळीचं आहे. ते वापरण्याआधी क्षेत्राची दिशा कुठली, ते कशावर अवलंबून आहे, कुठल्या वाटेने फिरायचं, हे सगळं मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळवणं फळ्याकडे बघून येत नाही.

पण कॉपीचं काय, असं विचारलं जाईल. विचारायलाच हवं. याबाबतीत मला माहीत असलेला सर्वांत काळजीपूर्वक केलेला अभ्यास एमआयटीतला आहे. डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१०मध्ये प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राचा गृहपाठ संगणकावर सोडवला जात असल्यामुळे कोण किती वेळात उत्तर देतो हे त्यांना दिसत होतं, आणि त्यावरून उतरवलेली उत्तरं ओळखता येत होती. सुमारे ११ टक्के उत्तरं उतरवलेली होती. म्हणजे निवडून घेतलेली मुलं असलेल्या एमआयटीतही हे चालतं. सतत उतरवणाऱ्यांची नापास होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट होती. परीक्षेतल्या त्याच प्रकारच्या बैजिक गणितांत ही मुलं सत्रभर मागे मागे पडत गेली. संकल्पनांच्या वेगळ्या चाचणीत मात्र तसा लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे, कारण विरोधकांना त्याचा आधार घेता येईल. माझ्या मते त्याचा अर्थ असा, की बैजिक गणितं सोडवण्याचं कौशल्य हाताने गणितं सोडवूनच येतं आणि संकल्पनांसाठी गृहपाठात वेगळे प्रश्न घालावे लागतात.

त्या अभ्यासातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. उतरवणारी मुलं मुळात कच्ची नव्हती; सुरुवातीच्या गणिती किंवा भौतिकी तयारीचा कॉपीशी संबंध फारच थोडा निघाला. कॉपी वाढत होती ती मुदत जवळ येईल तशी आणि सत्र पुढे सरकेल तशी. उशिरा सुरुवात आणि वेळेची ओढाताण, हे तिचं कारण. अभ्यासक्रमाची मांडणी आणि शिकवण्याची पद्धत बदलल्यावर कॉपी ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या खाली आली, आणि नापासांचं प्रमाणही घटलं. त्यांनी गृहपाठ बंद केला नव्हता.

आता आपला गृहपाठ कसा असतो ते पाहा. सत्राच्या शेवटी एक 'असाइनमेंट'. पाच प्रश्न, बहुतेक मागच्या वर्षीचेच, त्यातले तीन पुन्हा 'सिद्ध करा'. जमा करायची तारीख अंतर्गत गुण पाठवण्याच्या आदल्या दिवशीची. मुलं समास आखून, शीर्षकाखाली दोन रेघा मारून दहा पानं भरतात. आपण शेवटच्या पानावर लाल पेनाने सही करतो आणि दहापैकी आठ देतो. चूक कुठे झाली हे कोणी कोणाला सांगत नाही, कारण तोवर सत्र संपलेलं असतं. असा गृहपाठ मुलं उतरवणार नाहीत तर काय करतील? त्यांनी त्या कामाची किंमत आपल्याइतकीच ओळखलेली असते. या कारणासाठी गृहपाठच काढून टाकला, तर सुक्याबरोबर ओलंही जळेल, आणि प्रत्येक वर्गात जी दहा-पंधरा मुलं खरोखर अडून बसायला तयार असतात त्यांना आपण सांगू, की तुमच्या कष्टांना इथे हिशेब नाही.

परीक्षेवरच्या श्रद्धेला इतिहासाचा एक दाखला दिला जातो, तो केंब्रिजचा. महाराष्ट्राला त्याचं कौतुक जुनं आहे: र. पु. परांजपे १८९९मध्ये तिथल्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि नावामागे ती पदवी कायमची लागली. एका परीक्षेने माणसं घडतात, याचा तो पुरावा मानला जातो. पण त्या परीक्षेच्या मागे काय होतं? १८५४मध्ये मॅक्सवेल ट्रायपॉसला दुसरा आला, पहिला आला एडवर्ड राउथ. दोघेही विल्यम हॉपकिन्स या खाजगी शिक्षकाचे विद्यार्थी. वर्षानुवर्षं मोजक्या मुलांना समोर बसवून नवी नवी गणितं सोडवायला लावणं, ती वाचणं आणि परत देणं, हा तिथल्या शिकवणीचा गाभा होता. राउथ पुढे स्वतः तसाच शिक्षक झाला आणि त्याच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. परीक्षा त्या रोजच्या सरावाच्या टोकाला होती.

आणि प्रश्न कसे होते? १८५४च्याच स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत स्टोक्सने एक प्रमेय सिद्ध करायला दिलं. तेव्हा ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. केल्व्हिनने ते चार वर्षांपूर्वी एका पत्रात स्टोक्सला कळवलं होतं, आणि ते छापील स्वरूपात प्रथम दिसलं ते या प्रश्नपत्रिकेत. आज आपण ज्याला स्टोक्सचं प्रमेय म्हणतो ते हेच. परीक्षेला बसलेल्यांत मॅक्सवेल होता, ते पारितोषिक त्याला राउथसोबत विभागून मिळालं, आणि १८७३च्या आपल्या ग्रंथात त्याने या प्रमेयासाठी त्या प्रश्नपत्रिकेचाच हवाला दिला. विद्युतचुंबकत्वाच्या अर्ध्या गणिताला आधार देणारं प्रमेय विद्यार्थ्यांपुढे प्रथम न पाहिलेला प्रश्न म्हणून आलं. आपण आज तेच 'सांगा व सिद्ध करा' म्हणून विचारतो आणि पान नंबरासकट अपेक्षित उत्तर ठरवून ठेवतो. शिवाय केंब्रिजलाही शेवटी त्या परीक्षेचा जाच झालाच. नुसत्या क्रमांकासाठी घोकणाऱ्या तयारीवर हार्डीसारख्या गणितज्ञाने कडाडून टीका केली, आणि गुणानुक्रमाची यादी १९०९नंतर बंद झाली.

विरोधकांच्या म्हणण्यातला मला सर्वांत गंभीर वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. रोज एसटीने दीड तास येणारी, घरी गेल्यावर शेतात किंवा दुकानात हात लावणारी मुलं गृहपाठ कधी करणार? ज्याच्याकडे स्वतंत्र खोली, इंटरनेट आणि हुशार मित्र आहेत त्यालाच गृहपाठाचे गुण मिळणार. ही विषमता खरी आहे. पण सगळं परीक्षेवर सोडल्याने ती कमी होते का? परीक्षेची तयारी विकत मिळते. क्लास, नोट्स, सोडवलेले संच, सगळ्याला पैसे पडतात. एसटीने येणाऱ्या मुलीला खरी मदत करायची तर गृहपाठ कॉलेजात आणावा लागेल. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर केंद्रात तिसऱ्या वर्षाचा हाच अभ्यासक्रम नव्याने बांधला गेला, तेव्हा त्यांनी गृहपाठाच्या मदतीची सत्रं ठेवली. मुलं टेबलाभोवती बसून तीच गणितं सोडवतात, शिक्षक फिरतो, उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो. आपल्या वेळापत्रकातही ट्यूटोरियलचा तास कागदावर अनेक ठिकाणी असतो. तो पोर्शन पूर्ण करण्यात जातो. तो परत मिळवला तरी त्या मुलीचं निम्मं काम बस पकडण्याआधी होईल.

एआयचा मुद्दा मला इतरांइतका भीतिदायक वाटत नाही. वहीतल्या उत्तराची किंमत आता शून्य झाली, हे मान्य. मग गुण उत्तराला न देता ते समजावून सांगण्याला द्यावेत. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आपल्याकडे आहेतच, व्हायवा घ्यायची सवयही आहे. आठवड्याला तीनच गणितं द्या. ट्यूटोरियलच्या तासाला त्यातलं एक ऐनवेळी निवडा आणि पाच मिनिटं फळ्याशी बोलवा. हातात वही असू द्या, ती कुठूनही उतरवलेली असली तरी चालेल. 'ही ऊर्जा निम्मी का आली?' एवढं विचारा. ज्याने एआयकडून घेऊन ते समजून घेतलं आहे तो सांगेल, आणि त्याला गुण मिळाले तर मला आनंदच आहे. ज्याने नुसतं उतरवलं आहे तो पहिल्या वाक्यात थांबेल, आणि पुढच्या आठवड्यात समजून येईल. फाइनमनने आपल्या व्याख्यानांच्या १९६३च्या प्रस्तावनेत लिहिलं आहे, की नुसतं व्याख्यानाला बसून किंवा नुसती दिलेली गणितं करून फारसं शिकता येत नाही. हे वाक्य गृहपाठाविरुद्ध वापरलेलं मी ऐकलं आहे. पण त्याच्या मते खरं शिकणं होतं ते विद्यार्थी आणि शिक्षक समोरासमोर बसून कल्पनांवर बोलतात तेव्हा. ते बोलायला काहीतरी हातात लागतं, आणि ते अर्धवट सुटलेलं गणित असतं.

परीक्षा राहू द्या. मी तिच्या विरोधात नाही. पण ती गृहपाठातून उगवलेली असू द्या. सूत्रांचा एक कागद प्रश्नपत्रिकेसोबतच छापा, म्हणजे पाठांतराला कारण उरणार नाही. एखादं चुकीचं सोडवलेलं उत्तर देऊन चूक शोधायला सांगा. सपाट पत्र्याचं गणित ज्यांनी सोडवलं आहे त्यांना परीक्षेत एकमेकांशी काटकोनात ठेवलेले, जमिनीला जोडलेले दोन पत्रे द्या. इथे तीन काल्पनिक भार लागतात, आणि खरी ऊर्जा चार भारांच्या ऊर्जेच्या एक चतुर्थांश असते, कारण क्षेत्र एक चतुर्थांश अवकाशातच आहे. जो गृहपाठात एकदा अडून बसला होता त्याला हे दहा मिनिटांत सुटतं, 'निम्मं घ्यायचं असतं' हे पाठ केलेला निम्मंच लिहितो. एवढ्या एका प्रश्नाने दोघांतला फरक दिसतो.

राहिला शिक्षकांवरचा भार. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावर नेमलेले आणि मानधनासाठी महिनोन् महिने थांबणारे तरुण सहकारी, यांच्याकडून दर आठवड्याला वह्या वाचण्याची अपेक्षा कशी करायची, असं मला विचारलं जातं. अपेक्षा करता येत नाही, हे उत्तर आहे. पण ही अडचण सरकारपुढे मांडायची आहे, विद्यार्थ्याच्या वाट्यातून वजा करायची नाही. गृहपाठ कागदावर असेल, त्याला गुण असतील, त्याचे तास वेळापत्रकात असतील, तरच त्या तासांसाठी माणूस मागता येतो. आपण स्वतःच्या हाताने ते तास काढून टाकले, की पदभरतीच्या प्रस्तावात लिहायला कार्यभारच उरत नाही, आणि रिकामी जागा रिकामी ठेवायला मंत्रालयाला आपणच कारण देतो. अभ्यासमंडळापुढे अंतर्गत गुणांचा प्रश्न येईल तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी गृहपाठाला जेवढे गुण आज आहेत तेवढे तरी ठेवण्यासाठी हात वर करावा, आणि त्याच ठरावात प्रत्येक बॅचसाठी ट्यूटोरियलच्या शिक्षकाची मागणी जोडावी.